अनुभवाचे ज्ञान आणि पदवीचे दार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर हा कायम अवर्षणाच्या छायेतला तालुका. या तालुक्यातील राळेगणसिद्धी गावात 1975 नंतर जलसंधारणाचे काम सुरू झाले ते एका गळक्या पाझर तलावाच्या दुरुस्तीपासून. पुढे चर, नालाबांध आणि वृक्षलागवड ही कामे श्रमदानातून व शासकीय योजनांतून उभी राहिली. या कामाचे नेतृत्व करणारे अण्णा हजारे हे सातवीपर्यंत शिकलेले आणि सैन्यात वाहनचालक होते. त्यांना 1990 मध्ये पद्मश्री व 1992 मध्ये पद्मभूषण मिळाले. याच जिल्ह्यातील कोंभाळणे (ता. अकोले) येथील राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. गावरान बियाण्यांच्या जतनासाठी त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

सन्मान होतो तो व्यक्तीचा. परंतु गावोगावी ज्यांनी चर खोदले आणि बांध घातले, त्यांनी त्या कामातून जे शास्त्र आत्मसात केले त्याची नोंद कोठे होते? त्यांच्यापैकी कोणी उद्या जलसंधारणाची पदविका घेऊ म्हटले, तर त्याने सारे पहिल्या धड्यापासूनच शिकावे काय? जीवनानुभवातून मिळालेले ज्ञान शिक्षणसंस्थांनी मानावे की नाही, हा प्रश्न जुना आहे. त्याच्या इतिहासात आपल्याला तीन दारे दिसतात.

पहिले दार परीक्षेचे. लंडन विद्यापीठाने 1858 मध्ये संलग्न महाविद्यालयात न शिकलेल्या उमेदवारांनाही आपल्या परीक्षांना बसण्याची मुभा दिली. आपल्या शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा ‘17 नंबरचा फॉर्म’ याच कुळातला. येथे उमेदवार कोठे शिकला हे विचारले जात नाही. मात्र त्याला काय यायला हवे, हे पाठ्यपुस्तकच ठरवते. बांध घालणाऱ्याला बांधाबद्दल कोणी विचारीत नाही.

दुसरे दार प्रवेशाचे. ब्रिटनमध्ये 1969 साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली. प्रवेशासाठी आधीच्या परीक्षांची अट नसणे हे त्याचे वैशिष्ट्य. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1985 च्या नियमांनी दूरशिक्षणाच्या पहिल्या पदवीसाठी अशीच वाट ठेवली: शालेय शिक्षणाची नोंद नसली, तरी 21 वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन आत येऊ शकत होती. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद, आणि प्रा. राम ताकवले हे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्या प्रौढांसाठी विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम काढला, आणि शाळा सुटलेल्या अनेकांना पदवीची वाट मोकळी झाली. हे मोठेच काम होते. तरीही आत आल्यावर पहिला धडा सर्वांना सारखाच. अनुभवाने दार उघडले, पण वाट काही कमी झाली नाही.

तिसरे दार श्रेयांकाचे. फ्रान्समध्ये 1934 च्या कायद्याने, प्रत्यक्ष काम करून अभियंता झालेल्यांना परीक्षणानंतर अभियंत्याची पदविका मिळू लागली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांच्या लष्करी प्रशिक्षणाचे मूल्यमापन करून महाविद्यालये त्यांना श्रेयांक देऊ लागली. पुढे 1974 मध्ये तेथे अनुभवजन्य शिक्षणाच्या मूल्यमापनाचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यातून पुढे आलेले तत्त्व महत्त्वाचे आहे: श्रेयांक अनुभवाला द्यायचा नाही, अनुभवातून झालेल्या शिक्षणाला द्यायचा. फ्रान्सने 2002 मध्ये कायदा करून अशा मूल्यमापनातून संपूर्ण पदवीही मिळवता येईल अशी सोय केली. निर्णय परीक्षक मंडळ घेते.

या तत्त्वाचे मोल आपल्याकडील एका उदाहरणावरून कळेल. केंद्र सरकारच्या 1986 च्या नियमानुसार मॅट्रिक झालेला आणि किमान 15 वर्षे सेवा केलेला माजी सैनिक, पदवीची अट असलेल्या ‘क’ गटातील राखीव जागांसाठी पात्र मानला गेला. सैनिकांच्या पुनर्वसनासाठी नियम योग्यच होता. पण त्यात मोजली गेली ती वर्षे, ज्ञान नव्हे. दोन सैनिक पंधरा वर्षांत सारखेच शिकले असतील असे नाही.

मग ज्ञान मोजायचे कसे? बांध घालणाऱ्या अनुभवी मुकादमाचेच उदाहरण घेऊ. त्याला नाल्यावर नेऊन विचारता येईल: बांध येथेच का, दहा मीटर खाली का नाही? तळाशी कातळ आहे की मुरूम, हे कसे ओळखले? पाण्याच्या नळीने समपातळी कशी काढतोस? सांडवा किती रुंद ठेवशील? पुराच्या जुन्या खुणा पाहून तो सांडव्याची रुंदी सांगेल; तो जलविज्ञानाचाच निष्कर्ष असतो. आता हिशेब. एक हेक्टर उतारावर 25 मिलिमीटर पाऊस पडला, तर 250 घनमीटर, म्हणजे अडीच लाख लिटर पाणी पडते. हे गणित त्याला कागदावर मांडता येणार नाही कदाचित. तसे असेल तर तेवढेच शिकवावे. जे येते त्याचे श्रेयांक द्यावेत. अशा परीक्षेत तो नापासही होऊ शकतो, म्हणूनच तिच्या श्रेयांकाला किंमत राहील.

2023 मध्ये आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने या तिसऱ्या दाराची चौकट उभी केली आहे. त्यात 30 तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक, वर्षाला 1200 तासांचे 40 श्रेयांक असा हिशेब आहे, आणि संबंधित कामाच्या अनुभवालाही स्थान आहे. मोजपट्टी आली, आता हवेत मोजणारे. मुकादमाला योग्य प्रश्न विचारायला विषयाचे जाणकार हवेत आणि कामाचेही. असे परीक्षक मुख्यतः शिक्षकांतूनच तयार होतील.

त्याची सुरुवात शाळेतही करता येईल. गावातल्या एखाद्या जाणत्या कारागिराकडे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना न्यावे. त्याला काय काय येते आणि ते कोणत्या प्रश्नांनी तपासता येईल, याची यादी त्यांनी करावी. त्यातले किती आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि किती नाही, हे पुढच्या तासाला फळ्यावर मांडावे.