पाण्यापासून दूर

परवा रविवारी ‘किंगडम ऑफ हेवन’ पुन्हा पाहिला. २००५ सालचा रिडली स्कॉटचा सिनेमा. मस्त आहे, पण त्यात हत्तीनची लढाई (हत्तीशी काही संबंध नाही, गॅलिलीतल्या गावाचं नाव आहे) जवळजवळ दाखवलेलीच नाही. एकदम मेलेल्यांचा खच दिसतो. मला मात्र खरी गोष्ट तिथेच वाटते.

तर झालं असं. १०९९ मध्ये क्रुसेडर्सनी जेरुसलेम घेतलं आणि आतल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची कत्तल केली. पुढे ८८ वर्षं शहर त्यांच्याकडे होतं. जुलै ११८७ मध्ये सलाउद्दीनने तायबेरियसला वेढा घातला. राजा गी द लुझिन्यां आपलं सैन्य घेऊन सफुरियाला होता. तिथे झरे होते, पाण्याची ददात नव्हती. तायबेरियस तिथून पंचवीस-तीस किलोमीटर. मधे उन्हाळ्यातला रखरखाट.

त्रिपोलीचा रेमंड म्हणाला, जाऊ नका. गंमत म्हणजे तायबेरियस त्याचंच, आणि किल्ल्यात अडकलेली बाई त्याची बायको! तरी तो म्हणाला, शहर गेलं तर परत घेता येईल, सैन्य गेलं तर सगळंच जाईल. राजाला ते पटलं. रात्री टेम्प्लरांचा प्रमुख जेरार एकटाच राजाच्या तंबूत गेला आणि सकाळी कूच करायचा हुकूम निघाला.

गीला बरेच जण सरळ मूर्ख म्हणून मोकळे होतात. मीही म्हणायचो. पण चार वर्षं मागे जाऊन बघा. ११८३ मध्ये सलाउद्दीन असाच चालून आला होता. तेव्हाचा राजा चौथा बाल्डविन कुष्ठरोगाने खंगलेला, त्यामुळे कारभार गीकडे. गी पाण्याजवळ तळ ठोकून बसला, लढला नाही. रसद संपल्यावर सलाउद्दीन निघून गेला. म्हणजे निर्णय बरोबर ठरला ना? पण सगळ्यांनी त्याला भित्रा ठरवलं आणि बाल्डविनने कारभार काढून घेतला. बरोबर वागल्याची शिक्षा एकदा मिळाली की माणूस पुढच्या वेळी काय करणार?

३ जुलैला सैन्य निघालं. सलाउद्दीनच्या घोडेस्वार तिरंदाजांनी वाटभर सतावलं. रात्र पाण्याविना काढली. ४ तारखेला मुसलमान सैन्याने वाळलेलं गवत पेटवून दिलं. आधीच घसा कोरडा, त्यात धूर, आणि समोर खाली तलाव दिसतोय! संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. सलाउद्दीनने कैदी गीला गार पाणी दिलं. कैद्याला पाणी दिलं की त्याला अभय, अशी अरबांची रीत. गीने तोच पेला रेनॉल्डकडे सरकवला. कारवां लुटणारा हाच तो. सलाउद्दीनने स्पष्ट सांगितलं, याला पाणी मी दिलेलं नाही. आणि स्वतः तलवार चालवली.

२ ऑक्टोबरला जेरुसलेम शरण आलं. १०९९ सारखी कत्तल झाली नाही. खंडणी ठरली: पुरुषाला १० दिनार, बाईला ५, मुलाला १. सिनेमात सगळे सुखरूप निघून जातात. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे पैसे नव्हते असे हजारो लोक गुलाम झाले. हत्तीननंतर टेम्प्लर आणि हॉस्पिटलर कैद्यांची मुंडकीही याच सलाउद्दीनच्या हुकमाने उडवली गेली. आणि पुढे ११९१ मध्ये एकरला रिचर्डने सुमारे २७०० कैदी मारले, त्यालाही लोक ‘सिंहहृदयी’च म्हणतात!

असो. सलाउद्दीन उदार होता हे खरं, आणि ते गुलामही खरे. मला मात्र राहून राहून गीच आठवतो. ११८३ मध्ये त्याला कुणी एकाने जरी “बरं केलंस” म्हटलं असतं, तर तो त्या सकाळी झऱ्यापाशीच थांबला असता का?