मासिकांच्या शाळेत

स्मरणिकेसाठी आठवणी पुष्कळ जणांनी लिहिल्या असतील, म्हणून मी थोडा इतिहास लिहिते. शाळेत आपल्याला निबंध शिकवला. लेखक कसं व्हायचं हे मात्र मराठीत बराच काळ मासिकांनीच शिकवलं.

ना. सी. फडके यांनी 1931 मध्ये 'प्रतिभासाधन' लिहून कथा-कादंबरीचं तंत्र सांगितलं. पण पुस्तक वाचून कुणाची कथा सुधारते असं मला वाटत नाही. ती सुधारते कुणीतरी ती परत पाठवली की. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हेच करीत. पटवर्धनांची लांबलचक पत्रं घेऊन लेखक पुन्हा लिहायला बसत. आमच्या धंद्यात दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड पुढे जात नाही, तसंच काहीसं. पण तपासणारा कोणती भाषा बरोबर मानतो, हा प्रश्न उरतोच. 1969 मध्ये लघुअनियतकालिकवाल्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला, त्यामागे हाही राग होता.

आपल्या भागात तर त्याआधीची अडचण होती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून. आजोबांच्या पिढीचा ज्याला हिशेब मांडता येई, अर्ज लिहिता येई, त्यालाही मराठीत चार पानं लिहायची सवय नसे. मराठवाडा साहित्य परिषद 1943 ची, तिचं 'प्रतिष्ठान' त्यानंतरचं.

मग औरंगाबादला 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज निघालं, तेच आजचं मिलिंद. खेड्यापाड्यांतली, घरात पहिल्यांदाच शिकणारी मुलं तिथे आली. याच वातावरणातून 1967 मध्ये 'अस्मिता' निघालं आणि पुढच्या वर्षी त्याचं 'अस्मितादर्श' झालं. वैजापूरहून पाऊणशे किलोमीटरवर! संपादक प्रा. गंगाधर पानतावणे, मूळचे नागपूरचे. प्राध्यापकी सांभाळून त्यांनी हे त्रैमासिक जवळजवळ पन्नास वर्षं चालवलं. वर्गणीदार गोळा करणं, प्रुफं तपासणं, अंक टपालात टाकणं, हे सगळं अशा मासिकाच्या संपादकाच्याच गळ्यात पडतं.

त्यांनी नुसतं छापलं नाही. लेखक-वाचक मेळावे भरवले. ज्याचं एक अक्षर छापून आलेलं नाही असा मुलगा तिथे उभा राहून वाचे आणि समोरचे त्यावर बोलत. वस्तीवरची बोली, घरातले शब्द कथेत जसेच्या तसे चालत. मला याचं मोल जास्त वाटतं, कारण निबंधात 'कोरड्यास' न लिहिता 'भाजी' लिहायची, हे आपल्याला कुणी न सांगताच कळलेलं होतं. मागच्या बाकांवरच्या किती जणांनी त्यामुळे लिहिणंच सोडलं असेल? मधल्या सुट्टीत त्यांच्याइतकं रंगवून कुणी सांगत नसे. निबंधात मात्र पाच ओळी.

2009 मध्ये अमेरिकेत सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं. ते गाव माझ्यासारख्या संगणकवाल्यांनी भरलेलं. तिथे अध्यक्ष होते पानतावणे सर. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

या स्मरणिकेला ज्यांनी "मला कुठे लिहिता येतं" म्हणून नकार दिला, त्यांतल्या तिघांना मी फोन केला आहे. बोलतात तसंच लिहून पाठवा म्हटलं. एकाचं आलंय, पान उलटा.