सामुराईच्या धनुष्यावरील वेताचे वेढे

जपानी धनुष्य, म्हणजे ‘युमी’, चित्रात पाहिले की त्यावरचे वेताचे वेढे अलंकारच वाटतात. त्यांचे मूळ काम मात्र धनुष्य एकसंध राखण्याचे होते.

नारा येथील शोसोइन भांडारात जपलेली ८व्या शतकातील धनुष्ये अखंड लाकडाची आहेत. हेइआन काळाच्या उत्तरार्धात लाकडाला बांबूची पट्टी सरसाने जोडण्याची रीत आली. धनुष्याचा जोर वाढला. पण दमट हवेत सरस मऊ पडतो आणि सांधा उकलतो, आणि जपानचा पावसाळा काही कोरडा नव्हे! त्यामुळे ठिकठिकाणी वेत आवळणे आणि उरुशी वृक्षाच्या चिकाचे रोगण चढवून ओल रोखणे ही गरजच झाली.

मुठीची गोष्ट निराळी. सव्वादोन मीटर उंचीच्या या धनुष्याची मूठ मधोमध नसते, खालून सुमारे एक-तृतीयांश उंचीवर असते. ३ऱ्या शतकातील चिनी इतिहासग्रंथातही हा आखूड खालचा भाग नोंदलेला आहे. गुळगुळीत रोगणावर घामेजला हात घसरेल, म्हणून मुठीवर हरणाचे कातडे गुंडाळतात आणि झिजले की बदलतात. मुठीच्या लगेच वर, बाण घासत जातो तिथे, पुन्हा वेत.

सेनानींच्या ‘शिगेतो’ धनुष्यावर हे वेढे दाट झाले आणि मानाचे चिन्ह ठरले. संकेतानुसार मुठीच्या एका बाजूस २८ वेढे, दुसऱ्या बाजूस ३६. त्यांतील २८ म्हणजे नक्षत्रे. अभिजित धरले तर आपल्याकडेही तितकीच.