आमच्यानंतर कोण?

१/ १९१२च्या ब्रिटिश कायद्याने जन्मतः बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही ‘वेडा’ या एकाच व्याख्येत कोंबले. ठाण्याचे मनोरुग्णालय तेव्हा अकरा वर्षांचे होते.

२/ १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्यांना मनोरुग्णांतून वगळले. परंतु त्यांच्या सांभाळाची दुसरी वाट आखली नाही. भार घरावरच राहिला.

३/ आईबापांच्या ‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नाची दखल १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने घेतली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता वा बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. न्यासाची ‘सहयोगी’ योजना काळजीवाहकांना प्रशिक्षण देते.

४/ २०१४मध्ये पालघर वेगळा झाला. शहापूर, मुरबाड ठाणे जिल्ह्यातच राहिले. त्यामुळे पालकत्वाचा निर्णय ठाण्यात होतो. रोज न्हाऊ-जेवू घालणारे हात मात्र गावातच घडवावे लागतात.