विणून झालेला स्वेटर अर्धवट का राहतो? त्यावर तोड काढणाऱ्या एलिझाबेथबाईंची गोष्ट

थंडी सुरू झाली की बऱ्याच घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक पिशवी बाहेर निघते. आत लोकरीचे दोन-तीन गुंडे, विणायच्या सुया आणि जवळजवळ झालेला स्वेटर. पाठ झालीये, पुढचे दोन भाग झालेत, बाह्याही झाल्यात. फक्त जोडायचं राहिलंय. आणि ज्या बाळासाठी तो घेतला होता ते बाळ आता शाळेत जातंय.

याला लोक आळस म्हणतात. पण ज्यांना रोज रात्री टीव्हीसमोर बसून शंभर ओळी विणायचा कंटाळा येत नाही, त्यांनाच चार शिवणी घालायचा कंटाळा का येतो? जगभरातल्या विणणाऱ्यांचं हे दुखणं आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एका बाईंनी त्यावर अशी तोड काढली, की विणकामाची पद्धतच बदलली. त्यांचं नाव एलिझाबेथ झिमरमन.

आधी बघू, हे ‘फिनिशिंग’ म्हणजे नेमकं काय

शेवटचा टाका बंद केला म्हणजे काम संपलं, असं नवख्या माणसाला वाटतं. पण त्यानंतर बरंच काही उरतं.

गुंडा बदलताना लोंबत राहिलेली धाग्यांची टोकं आत लपवायची. विणलेले भाग धुऊन, मापात पसरून वाळवायचे. पाठ आणि पुढचे भाग खांद्यावर आणि बगलेखाली जोडायचे. बाह्या बसवायच्या. गळ्याचे टाके उचलून पट्टी विणायची. शेवटी बटणं.

यातलं एकही काम विणण्यासारखं नाही. विणताना हात लयीत चालतात, गप्पा मारता येतात. शिवताना मात्र मान खाली घालून टाके मोजावे लागतात. चुकलं तर महिनाभराची मेहनत वाकडी दिसते. म्हणून माणूस ते उद्यावर ढकलतो आणि नवीन गुंडा उघडतो.

एलिझाबेथबाई होत्या कोण?

जन्म १९१० चा, इंग्लंडमधला. चित्रकला शिकायला त्या स्वित्झर्लंडला आणि मग जर्मनीतल्या म्युनिकला गेल्या. तिथे त्यांची ओळख आर्नोल्ड झिमरमन यांच्याशी झाली. आर्नोल्ड बिअर बनवण्याच्या धंद्यातले. १९३७ च्या सुमारास हे जोडपं अमेरिकेत गेलं. पुढे तीन मुलं झाली आणि संसार विस्कॉन्सिन राज्यात स्थिरावला. विस्कॉन्सिन म्हणजे हिवाळ्यात बर्फाने झाकलं जाणारं राज्य. तिथे स्वेटर ही हौस नसून गरज असते.

बाई विणायच्या जर्मन पद्धतीने, म्हणजे धागा डाव्या हातात धरून. इंग्लंड-अमेरिकेत रिवाज उजव्या हाताचा. त्यात दुसऱ्या महायुद्धामुळे जर्मन म्हटलेली प्रत्येक गोष्ट नकोशी झालेली. तरी बाईंनी आपली पद्धत सोडली नाही, उलट पुढे हजारोंना शिकवली.

पॅटर्न त्यांचा, पण छापला भलताच

विणकाम डिझायनर स्वेटर विकत नाही. तो विकतो कृती. किती टाके घालायचे, कुठे कमी करायचे, कुठे थांबायचं, हे सगळं लिहून. यालाच पॅटर्न म्हणतात.

१९५० च्या दशकात एलिझाबेथबाई मासिकांना असे पॅटर्न देऊ लागल्या. त्यांचा स्वेटर गोल विणलेला, बिनशिवणीचा असायचा. पण त्या काळी बहुतेक पॅटर्न दोन सरळ सुयांसाठी, तुकड्यातुकड्यांत लिहिलेले असत. संपादकांनी त्यांच्याही गोल स्वेटरची कृती बदलून तुकड्यांची केली आणि छापली.

म्हणजे जे काम टाळण्यासाठी त्यांनी डोकं लढवलं होतं, नेमकं तेच वाचकांच्या माथी मारलं गेलं.

बाईंनी सरळ वेगळी वाट धरली. १९५८ मध्ये स्वतःचं पत्रक काढलं. त्यात आपला पॅटर्न आपल्या शब्दांत. १९५९ मध्ये टपालाने लोकर, सुया आणि पुस्तकं विकणारा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. हे कुटुंब पुढे एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहायला गेलं, म्हणून व्यवसायाचं नाव पडलं ‘स्कूलहाउस प्रेस’.

पहिली तोड: शिवणच ठेवायची नाही

बाईंची पद्धत अशी. लवचिक तारेने जोडलेली गोल सुई घ्यायची. स्वेटरचं अंग म्हणजे एक मोठी नळी, ती खालून बगलेपर्यंत गोल विणायची. बाह्या म्हणजे दोन छोट्या नळ्या, त्याही तशाच. मग तिन्ही नळ्या एकाच सुईवर घ्यायच्या आणि टाके कमी करत गळ्यापर्यंत जायचं.

शेवटी जोडायचं काय उरलं? फक्त दोन्ही बगलांतले थोडेसे टाके.

दुसरा फायदा, गोल विणताना उजवी बाजू कायम समोर असते. त्यामुळे सगळे टाके सुलट, उलट टाक्यांची ओळ घालावीच लागत नाही.

आणि पुढून उघडा, बटणांचा स्वेटर हवा असेल तर? तेव्हाही नळीच विणायची. मग मधोमध मशीनवर दोन शिवणी घालून त्यांच्यामधून कात्रीने सरळ कापायचं! ऐकूनच पोटात गोळा येतो, पण नॉर्वेकडची ही जुनी रीत आहे. खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि मशीनची शिवण टाके उसवू देत नाही.

दुसरी तोड: टक्केवारीचा हिशोब

स्वेटर अर्धवट राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे माप. पॅटर्नमध्ये छाती ३६ इंच, घालणाऱ्याची ४०. अर्ध्यात लक्षात येतं आणि काम पिशवीत जातं.

बाईंनी यासाठी एकच आकडा धरला: अंगाच्या घेरातले एकूण टाके. ते झाले १०० टक्के, बाकी सगळं त्यावरून काढायचं.

समजा तुमच्या हाताने एका इंचात ५ टाके बसतात आणि स्वेटरचा घेर ४० इंच हवाय. म्हणजे ५ गुणिले ४०, एकूण २०० टाके. आता पुढचं बघा:

- खालची पट्टी: साधारण ९० टक्के, म्हणजे १८० टाके
- मनगट: २० टक्के, म्हणजे ४० टाके
- बाहीचा वरचा घेर: ३३ ते ३५ टक्के, म्हणजे ६६ ते ७० टाके
- प्रत्येक बगलेत बाजूला ठेवायचे: ८ टक्के, म्हणजे १६ टाके
- गळा: ४० टक्के, म्हणजे ८० टाके

लोकर जाड असो वा बारीक, माणूस लहान असो वा मोठा, हिशोब हाच. विणणाऱ्याला डिझायनरवर अवलंबून राहायची गरजच उरली नाही. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर हा वेडेपणा. पॅटर्न विकून जगणारी बाई लोकांना पॅटर्नशिवाय विणायला शिकवत होती. पण यामुळेच लोक त्यांना चिकटून राहिले.

तिसरी तोड: शेवट डिझाइनमध्येच घालायचा

बाईंचं सर्वात गाजलेलं डिझाइन म्हणजे १९६८ चं बाळाचं जॅकेट, ‘बेबी सरप्राइज जॅकेट’. सगळ्या ओळी सुलट. विणून झाल्यावर हातात येतो एक विचित्र आकाराचा तुकडा, ज्यात ना पुढा कळतो ना बाही. पण कागदाच्या होडीसारख्या त्याला घड्या घातल्या की अचानक जॅकेट तयार! शिवायचे फक्त दोन खांदे, मग बटणं.

दुसरं उदाहरण गोल शालीचं. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट झाली की घेरही दुप्पट होतो, हे आपण शाळेत शिकलो. बाईंनी तेच वापरलं. मध्यात ९ टाके, मग १८, ३६, ७२, १४४, २८८, ५७६. दर वेळी आधीच्या जवळपास दुप्पट फेऱ्या विणायच्या आणि एका फेरीत टाके दुप्पट करायचे. मधल्या फेऱ्यांत वाढवण्या-घटवण्याची भानगड नाही. प्रवासातही विणता येते.

कडेसाठीही त्यांच्याकडे उपाय होता. दोन्हीकडे टोक असलेल्या सुईवर तीन टाके विणायचे, सुई उलटवायची नाही, टाके सरकवून दुसऱ्या टोकाला आणायचे आणि पुन्हा विणायचे. आपोआप गोल नाडी तयार होते. ही नाडी विणत विणतच स्वेटरच्या कडेला जोडली की काठ सुबक दिसतो, वेगळं शिवावं लागत नाही. आज तिला ‘आय-कॉर्ड’ म्हणतात. यातलं काहीही आपण शोधलं, असा दावा बाई करत नसत. जगात कोणीतरी कधीतरी हे केलंच असणार, आपल्याला फक्त पुन्हा सापडलं, असं त्या मानत आणि त्यासाठी त्यांनी इंग्रजीत एक नवा शब्दही घडवला होता.

डिझायनर म्हणून जगणं

१९६० च्या दशकात बाईंनी सार्वजनिक टीव्हीवर विणकाम शिकवलं. १९७१ मध्ये ‘निटिंग विदाउट टिअर्स’ हे पुस्तक आलं, म्हणजे न रडता विणकाम. १९७४ मध्ये ‘निटर्स अल्मनॅक’ आलं, ज्यात वर्षाच्या प्रत्येक महिन्याला एक काम आहे. त्याची आखणी बघण्यासारखी आहे. जानेवारीत जाड नक्षीचा स्वेटर, फेब्रुवारीत बाळाचे कपडे, मेमध्ये पुढच्या हिवाळ्याचे हातमोजे, जुलैच्या सुट्टीत ती गोल शाल. ऐन थंडीत घाई करायची वेळच येऊ नये, अशी सोय.

त्याच वर्षी विणकाम शिबिरंही सुरू झाली. लेक मेग स्वानसेन यांनी पुढे शिबिरं आणि प्रकाशन दोन्ही सांभाळलं. १९९९ मध्ये एलिझाबेथबाई गेल्या, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांच्यावर मृत्युलेख छापला.

आज डिझायनरला मासिकाच्या संपादकावर अवलंबून राहावं लागत नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या ‘रॅव्हलरी’सारख्या साइटवर तो आपला पॅटर्न थेट विकू शकतो. पण काम तेवढंच आहे. नमुना विणा, हिशोब मांडा, सगळ्या मापांचे आकडे काढा, दुसऱ्यांकडून विणून तपासून घ्या, फोटो काढा, मग प्रश्नांना उत्तरं द्या. आवडीचं विणणं यात थोडंच, लिहिणं आणि मोजणं जास्त. बाईंना हे जमलं, कारण विणणाऱ्याचा त्रास कमी करणं यातच त्यांना मजा यायची.

आता तुमच्या पिशवीतल्या स्वेटरचं काय?

गोल विणायचं पुढच्या वेळी बघू. तुकडे तयार असतील तर या क्रमाने चला.

१. आधी मोजा. ज्याच्यासाठी विणलाय त्याच्या अंगाला तो अजून येतो का? येत नसेल तर घरात दुसरं लहान मूल शोधा, नाहीतर बिनधास्त उसवा. उसवलेली लोकर धुऊन पुन्हा वापरता येते.

२. धुऊन पसरा. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून तुकडे १५-२० मिनिटं भिजवा. चोळू नका, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि मापात ओढून सपाट वाळत घाला. वाकडेतिकडे टाके बरेचसे इथेच सरळ होतात. एक लक्षात ठेवा, आपल्याकडे दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा धागा पुष्कळदा ॲक्रिलिक असतो. तो खऱ्या लोकरीसारखा आकार धरत नाही आणि त्यावर गरम इस्त्री टेकवली तर कायमचा लुळा पडतो.

३. उजव्या बाजूने शिवा. दोन्ही तुकडे शेजारी ठेवा, उजवी बाजू वर. कडेच्या टाक्याच्या आत दोन टाक्यांमध्ये आडवी दोरी दिसते. एकदा इकडची, एकदा तिकडची उचलत जा आणि दर दोन-तीन इंचांनी धागा हलकेच ओढा. शिवण दिसेनाशी होते. यासाठी बोथट टोकाची जाड सुई घ्या.

४. उघडे टाके टाक्याला टाका जोडून बंद करा. मोज्याचं टोक किंवा बगल यासाठी ‘किचनर स्टिच’ वापरतात. हे नाव लॉर्ड किचनरवरून आलं. तोच, जो १९०२ ते १९०९ भारतात सरसेनापती होता. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या मोज्यांसाठी हा टाका त्यानेच काढला असं सांगतात, पण त्याला ठोस पुरावा नाही.

५. टोकं लपवा. निदान सहा इंच धागा मोकळा असू द्या. उलट्या बाजूने एका दिशेला ओवा, मग थोडं मागे फिरवा आणि मगच कापा. पुढच्या वेळी गुंडा बदलला की त्याच दिवशी टोक ओवून टाका, शेवटी चाळीस टोकांचं झुपकं उरणार नाही.

६. बटणं शेवटी. बटण आधी विकत घ्या, काज मग विणा. उलटं केलं तर मापाचं बटण शोधत दुकानं पालथी घालावी लागतात.

हे सगळं एका बैठकीत करायचा हट्ट धरू नका. आज धुणं, उद्या खांदे, परवा बाह्या. आणि शिवायला दिवसाच्या उजेडात बसा, गडद रंगाचे टाके रात्री दिव्याखाली नीट दिसत नाहीत. चार दिवसांत स्वेटर अंगात जातो.