सरकारे बदलली, अकादमी राहिली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गोंदियाच्या आजूबाजूला, भंडारा-बालाघाटच्या पट्ट्यात, मँगनीजच्या खाणी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी लुइस फर्मोर हे इंग्रज भूवैज्ञानिक या भागात फिरले. इथल्या एका खडकाला त्यांनी गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. भारतातील मँगनीजवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०९ साली निघाला.

याच फर्मोरांना पुढे एक मान मिळाला. ७ जानेवारी १९३५ रोजी कोलकात्यात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले फर्मोर. मेघनाद साहांनी १९३० साली अलाहाबादेत आणि सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बंगळूरला आपापल्या अकादमी काढल्या होत्या. त्या दोन्ही आजही आहेत. पण देशाच्या वतीने बोलण्याचा मान कोलकात्याच्या संस्थेकडे आला. १९४५ साली इंग्रज सरकारने तिला प्रमुख वैज्ञानिक संस्था म्हणून मान्यता दिली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीतल्या तिच्या इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी बसवली. १९७० साली तिचे नाव ‘भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी’ झाले.

या काळात आमचे गोंदियाही मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. १९९९ साली ते स्वतंत्र जिल्हा झाले. राजवट बदलली की पाट्या बदलतात, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. अकादमीची खरी कसोटी पाटीची नाही. जे सरकार अनुदान देते, त्याच सरकारला स्पष्ट मत सांगायचे, ही ती कसोटी.

या कसोटीवर ती एकदा घसरली. २०१० साली बीटी वांग्याबाबत केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी देशातल्या विज्ञान अकादमींचे मत मागितले. सहा अकादमींनी मिळून अहवाल दिला; पण त्यातला काही मजकूर दुसऱ्या लेखातून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला निघाला. खुद्द मंत्र्यांनीच त्यावर टीका केली. धानाचे बियाणे निवडणाऱ्या आमच्या शेतकऱ्याने मग कोणावर विसंबायचे?

पुढे ती उभीही राहिली. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे म्हटले. दिल्ली, बंगळूर आणि अलाहाबादच्या तिन्ही अकादमींनी एकत्र निवेदन काढून उत्क्रांतीच्या सिद्धांताला भक्कम पुरावे असल्याचे सांगितले. वेगळ्या चुली मांडलेल्या तिघी त्या दिवशी एका सुरात बोलल्या.

गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर २००५ ते २००७ या काळात या अकादमीचे अध्यक्ष होते. पहिल्या महिला अध्यक्ष चंद्रिमा शाहा यांच्यासाठी मात्र २०२० साल उजाडावे लागले. सरकारे येतील, जातील. अकादमीने काय पाहून मत दिले, एवढे आपण प्रत्येक वेळी विचारावे, असे मला वाटते.