परागंदांचा कसबा

इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने शहाजीराजांच्या जहागिरीतले पुणे जाळले, कोटाच्या भिंती पाडल्या, पांढरीवर, म्हणजे गावठाणावर, गाढवाचा नांगर फिरवला, आणि या भूमीवर पुन्हा कोणी वस्तीस येऊ नये म्हणून लोखंडी पहार ठोकून तिच्यावर तुटकी वहाण लटकावली, असे परंपरा सांगते. सरदाराच्या हातून जे उरले त्याची वाट १६३०-३२ च्या महादुष्काळाने लावली. राष्ट्रकूटांच्या ७५८ आणि ७६८ च्या ताम्रपटांत ज्या पुण्याच्या नावाचा प्रांत नोंदलेला आहे, ते मुठेकाठचे पुरातन गाव, म्हणजेच आजची कसबा पेठ, पुढली काही वर्षे ओस पडले आणि रयत परागंदा झाली.

१६३६ च्या तहानंतर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले, जहागीर त्यांच्याकडेच राहिली आणि दादोजी कोंडदेव तिचा कारभार पाहू लागले. त्या काळात जिजाऊसाहेब बालशिवाजीसह पुण्यास आल्या, लालमहाल उभा राहिला, कसबा गणपतीचे देऊळ झाले आणि पांढरीवर सोन्याचा नांगर फिरला, ही कथा महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. मला मात्र नांगराहून त्यामागच्या कागदाचे कुतूहल अधिक. कारण सोन्याच्या फाळाने अपशकुन पुसला जाईल. पण घाटाखाली वा परमुलखात चार पैसे मिळवून कसाबसा स्थिरावलेला कुणबी एवढ्यावर बैल जुंपून परत येत नसतो. त्याला कौल लागतो. उजाड गावाच्या रयतेला शक-अंदेशा न धरता येण्याचे अभय देणारा आणि पडीक जमिनीवर इस्तावा बांधून देणारा, म्हणजे पहिल्या साली नाममात्र सारा घेऊन पुढे सालोसाल तो चढवत पूर्ण धाऱ्यावर नेणारा, हा कौल त्या काळी वसाहतीचे खरे साधन होता.

परतणाऱ्यास गाव मात्र ओळखीचे राहिलेले नसे. शेजार बदललेला, बांध मोडलेले, आणि आपल्या शेतात भलताच कोणी औत धरून उभा. अशा वेळी माणूस मिरासदार, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत धनी, की उपरी, यावर सारे ठरे. उपऱ्याची जमीन कसण्यापुरती. सोडली की संपली. मिरासदाराचा हक्क मात्र दीर्घ गैरहजेरीनेही सहसा बुडत नसे. मधल्या काळात कोणी ती कसली तरी मूळ धनी वा त्याचा वंशज परतला म्हणजे देणे फेडून ती मागू शके. पाटीलकी-कुलकर्णाचे वतनही असेच. त्यावरून तंटे लागत, गोतसभा बसे, साक्षी होत आणि महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, लिहिला जाई. परमुलखातून परतलेल्यास गावकरी पुन्हा आपला म्हणत ते गळ्यात पडून नव्हे, साक्ष देऊन. आणि माझ्या मते हीच पद्धत अधिक टिकाऊ होती.

कारागिराची मिरास त्याच्या हातात असे, आणि हात कोठेही नेता येतात. म्हणून त्यास परत आणणे अधिक कठीण. तांबट आळी, बुरूड आळी, फणी आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा ही कसब्यातली नावे वाचली की गाव किती हातांनी भरले याची कल्पना येते. तांबट आळीत आजही तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम चालते. हंड्याचा पत्रा फिरवीत हातोडीचा एकेक ठोका असा बसतो की खळगे एका रांगेत उमटत जातात, आणि त्या ठोक्यांनी पत्रा घट्टही होतो.

पेशवाईतही पुणे दोनदा असेच हादरले. १७६३ साली निजामाने शहर लुटून जाळले, तेव्हा लोकांनी किडूकमिडूक घेऊन गडांचा आश्रय केला आणि राक्षसभुवनच्या विजयानंतर ते परतले. दुसरा प्रसंग अधिक बोधक. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, दुसरे बाजीराव वसईस पळाले, ३१ डिसेंबरला त्यांनी इंग्रजांशी तह केला आणि १८०३ च्या मे महिन्यात इंग्रजांच्याच फौजेच्या छायेत पुण्यास परतले. मिरासदार म्हणून गेलेला धनी उपरी होऊन आला, हे शहरास कळावयाला आणखी पंधरा वर्षे लागली.

१८९७ च्या प्लेगात गाव सोडणाऱ्यांनी माळावर झोपड्या घातल्या. परतल्यावर कित्येकांना आपलेच घर परके वाटले असेल: ऊन आत यावे म्हणून कौले उतरवलेली, जमीन उकरलेली, भिंतींस चुना फासलेला. तरी साथ ओसरली की लोक येत, आणि साथ पुन्हा आली की पुन्हा जात.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा मुठेच्या पाण्याने कसब्यातले जुने मातीचे वाडे ढासळले. आता कौल सरकारचा होता, पण तो नव्या वसाहतींत जाण्याचा. गोखलेनगरात अर्धगोल पत्र्यांच्या बराकी उभ्या राहिल्या आणि पूरग्रस्त तिकडे गेले. वाड्याच्या मालकाकडे निदान जागा उरली होती. भाडेकऱ्याची सारी मिरास भाडेपावतीत, आणि ती पावती ज्या खोलीची, ती खोलीच नदीत गेलेली.